वेग वाढला की बोट का बिचकते?

पावसाळा संपून बोटी पाण्यात उतरल्या, की वेगात बोट नीट धावत नाही अशी पत्रं येऊ लागतात. त्यांतली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : १८ फुटी फायबर बोट, ‘व्ही’ तळ, ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लटकणारं इंजिन), पॉवर ट्रिम (इंजिन बटणाने बोटीकडे आत किंवा बाहेर कलवायची सोय). ताशी ४० किलोमीटरच्या पुढे नाळ (बोटीचं पुढचं टोक) सारखी वर-खाली आपटते. ट्रिम आत घेतला तर थांबते, पण बोट जड पळते. दोन हंगामांपूर्वी असं नव्हतं. इंजिनला हायड्रोफॉइल (बोटीची मागची बाजू उचलून धरणारी आडवी पाती) लावू का? (मालवण)

उत्तर : इतक्यात नको. ‘पूर्वी असं नव्हतं’ हेच तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य आहे. बोट तीच आणि इंजिनही तेच, म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललंय. ते न शोधता हायड्रोफॉइल लावलं तर उड्या थांबतीलही, पण मूळ दोष तसाच राहील आणि वेगही थोडा जाईल.

बोट पाण्यावर घसरू लागली की तिचा सगळा भार तळाच्या मागच्या थोड्या भागावर येतो. नाळ वर गेली की हा भाग आणखी आखूड होतो, पुढच्या वजनाला आधार उरत नाही आणि नाळ खाली येते. ती खाली आली की जास्त तळ पाण्याला लागतो आणि नाळ परत वर फेकली जाते. वजन मागे सरकलं, ट्रिम फार बाहेर गेला किंवा तळ बिघडला, की हे चक्र सुरू होतं.

आधी वजन बघा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, त्यामुळे २५ लिटरची भरलेली टाकी म्हणजे जवळजवळ २० किलो. त्यात बॅटरी, नांगर, दोर, जास्तीची टाकी हे सगळं हळूहळू ट्रान्समपाशी, म्हणजे इंजिन बसतं त्या मागच्या उभ्या भिंतीपाशी, जमा होतं. बॅटरी आणि टाकी पुढे, स्टिअरिंगच्या आसनाखाली न्या आणि घट्ट बांधा. मग फळीखालचा फोम तपासा. त्यात शिरलेलं पाणी पंपाने निघत नाही आणि बोट वर्षागणिक मागे बसत जाते. रिकामी बोट, ठरावीक पेट्रोल, शांत पाणी अशा वेळी ट्रान्समवर पाण्याची रेघ मारून ठेवा. पुढच्या हंगामात रेघ बुडालेली दिसली की पाणी कुठेतरी मुरलंय हे समजतं.

त्यानंतर तळ. आमचा सर्वांत जास्त संशय इथेच आहे. पावसाळ्यात बोट चार महिने किनाऱ्यावर राहते, तीही बहुधा दोन-तीन टायरांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर. ट्रान्समवर इंजिनाचं वजन लटकलेलं आणि त्याच्या नेमक्या खाली आधार नाही, असं असेल तर फायबर कायमचं वाकू शकतं. दीड मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. ट्रान्समच्या कडेपासून पुढे, कीलला (तळाच्या मधल्या कण्याला) समांतर, तळाला लावा. डाव्या आणि उजव्या बाजूला दोन-दोन ठिकाणी बघा. पट्टी मध्ये टेकते आणि टोकांना फट राहते, म्हणजे तळाला पोट आलंय. उड्यांचं हे नेहमीचं कारण. उलट टोकांना टेकते आणि मध्ये फट दिसते, म्हणजे तळ खोल गेलाय. अशी बोट उड्या मारत नाही, ती नाळ पाण्यात दाबते आणि वेग खाते. दोन-तीन मिलिमीटरची फटसुद्धा या वेगाला जाणवते.

तळाची मागची कडही हाताने चाचपा. ती धारदार हवी, म्हणजे पाणी तिथून स्वच्छ सुटतं. वाळूवरून ओढून ओढून ती गोल झाली, तर पाणी कडेला चिकटून वर वळतं, ट्रान्सम खाली ओढला जातो आणि नाळ उचलली जाते. पोट आलं असेल तर जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) घासून, फायबर पूर्ण कोरडं करून, ट्रान्समच्या बाजूला इपॉक्सी फिलरचा थर चढवा, पट्टीने सरळ करा आणि कड काटकोनात आणा. पॉलिएस्टर पुट्टी वापरू नका, ती पाणी पिते आणि सुटते. पुढच्या पावसाळ्यात मात्र ट्रान्समच्या बरोबर खाली, पूर्ण रुंदीला आधार द्या किंवा इंजिन उतरवून ठेवा.

एवढं करून उड्या राहिल्याच तर हायड्रोफॉइलपेक्षा ट्रान्समवर बसणारे ट्रिम टॅब (खाली-वर होणाऱ्या दोन पट्ट्या) आम्हाला पसंत आहेत. ते हवे तेवढेच दाबता येतात, आणि एका बाजूला माणसं जास्त बसली तरी बोट सरळ करता येते.

प्रश्न : १६ फुटी बोटीवर ९० अश्वशक्तीचं इंजिन आहे. ताशी ६५ किलोमीटरनंतर बोट डावी-उजवीकडे डोलायला लागते आणि डोलणं वाढतच जातं. सावरायला गेलं की आणखी बिघडतं. (अलिबाग)

उत्तर : हे धोक्याचं आहे, उलटण्यापर्यंत जाऊ शकतं. कारण मिळेपर्यंत त्या वेगाला जाऊ नका. बोटीवरच्या पाटीवर जास्तीत जास्त किती अश्वशक्ती लिहिलीय तेही बघा. ९० त्यापेक्षा जास्त असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, इंजिन बदला.

जास्त वेगात ‘व्ही’ तळाची बोट कीलजवळच्या अरुंद पट्टीवर धावते. त्यातच उजवीकडे फिरणारा पंखा (प्रॉपेलर) बोटीला डावीकडे कलवत असतो. म्हणून अशा बोटींत चालवणारा उजवीकडे बसवतात, त्याच्या वजनाने तो कल भरून निघतो. स्टिअरिंगमध्ये ढिलाई असली की इंजिन स्वतःच इकडे-तिकडे हलतं आणि प्रत्येक हालचालीने कल बदलतो. तुम्ही उशिरा सावरता, ते पुढच्या डोलण्यात मिसळतं आणि झोका वाढतो.

बोट बाहेर काढून, इंजिन खाली सोडून, एकाने स्टिअरिंग घट्ट धरावं आणि दुसऱ्याने पंख्याखालचा पाता धरून डावी-उजवीकडे हलवावा. इंजिन हललं पण स्टिअरिंगच्या हाताला काही लागलं नाही, तर ढिलाई मधेच आहे. लिंक रॉडचे बोल्ट, इंजिनाच्या स्विव्हेल ब्रॅकेटचे बुश, केबलचं टोक आणि स्टिअरिंगची गिअरपेटी या क्रमाने बघा. नायलॉनचे लॉकनट एकदा काढले की नवेच घाला. टिल्ट ट्यूबला (केबलचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीला) ग्रीस भरण्यापूर्वी केबलचा दांडा पूर्ण आत घ्या. बाहेर असताना ग्रीस दाबलं तर स्टिअरिंग जाम होऊ शकतं. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल आणि हाताला स्पंजासारखं लागत असेल, तर त्यात हवा आहे, ती काढा. अशा हलक्या, वेगवान बोटीला एकेरी केबलपेक्षा हायड्रॉलिक स्टिअरिंगवर केलेला खर्च कारणी लागतो.

पाण्यात डोलणं सुरू झालंच तर स्टिअरिंगने त्याच्या मागे धावू नका. थ्रॉटल हळूहळू कमी करा आणि ट्रिम थोडा आत घ्या. थ्रॉटल एकदम सोडला तर नाळ पाण्यात घुसते आणि बोट जागच्या जागी गरकन फिरते. किल स्विचची (ओढला गेला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी, आणि सगळे खाली बसलेले हवेत.

प्रश्न : ४० अश्वशक्तीचं इंजिन, १३ इंच पिचचा (एका फेरीत न घसरता तेवढा पुढे जाणारा) पंखा. वळताना इंजिन एकदम रेस होतं आणि वेग पडतो. पंखा बदलू का? (दापोली)

उत्तर : पंख्यात वरून हवा शिरतेय. पंखा बदलण्याआधी इंजिनाची उंची मोजा. ‘व्ही’ तळाच्या बोटीला पंख्यावरची आडवी प्लेट कीलच्या रेषेत, किंवा तिच्यावर २५ मिलिमीटरपर्यंत असावी. त्याहून वर असेल तर इंजिन ब्रॅकेटवर एक भोक खाली घ्या. भोकांमधलं अंतर बहुधा १९ मिलिमीटर असतं. इंजिन चेन-ब्लॉकला टांगल्याशिवाय बोल्ट सैल करू नका, आणि परत बसवताना भोकांत मरीन सीलंट भरा, नाहीतर ट्रान्सममध्ये पाणी शिरेल. वळताना ट्रिमही थोडा आत हवा. पंख्याच्या नेमक्या पुढे फिशफाइंडरचा सेन्सर असेल तर तो बाजूला हलवा, त्याच्या मागून फेस येतो.

सरळ जातानाही रेस होत असेल तर पंख्याचा रबरी बुश घसरतोय का बघा. बुश आणि पंखा दोन्हींवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर बुश गेला.

मग हिशोब करा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाचे किती फेरे), गुणिले पिच इंचांत, गुणिले ०.००१५२४ म्हणजे ताशी किलोमीटर. ५५०० आरपीएम, २.० रेशो आणि १३ पिचला ५४.५ येतात. जीपीएसवर ४६-४८ मिळाले तर पंखा ठीक पकडतोय. ४० च्या आसपास अडकलात तर पकड नाही. पंखा बदलायचाच झाला तर लक्षात घ्या : पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. पूर्ण थ्रॉटलला, नेहमीच्या वजनासह, आरपीएम इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत यायला हवेत. चार पात्यांचा पंखा वळणावर चांगला पकडतो, वरचा वेग किंचित कमी होतो. स्टील टिकाऊ खरं, पण खडकाळ किनाऱ्यावर ते आपटलं तर धक्का थेट गिअरपर्यंत जातो. तुमच्या भागात आम्ही ॲल्युमिनियमच घ्या म्हणू.

प्रश्न : स्टिअरिंग सतत उजवीकडे ओढतं. (वास्को)

उत्तर : पंख्यावरच्या प्लेटखाली मागे एक छोटा टॅब असतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक उजवीकडेच फिरवा. एका वेळी थोडंसं, नेहमीच्या वेगाला तपासून. बऱ्याच इंजिनांत हा टॅब झिंकचा असतो आणि तो इंजिनाला गंजण्यापासून वाचवतो. त्याला रंग लावू नका, अर्धा झिजला की बदला. इंजिन उंच बसवलं असेल तर हा टॅब वेगात पाण्याबाहेर राहतो आणि कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. तेव्हा आधी उंची मोजा.