खान्देशात मतदार आधी काय बघतो, पिकाचा भाव की समाज?

दोन्ही, पण तालुका बदलला की क्रम बदलतो. रावेर-यावलला केळीचा भाव नि पीकविमा, चोपड्याकडे कापूस. पारावर बसा, पहिला विषय क्विंटलचाच निघतो. तरी २०२४ च्या लोकसभेला जळगाव, रावेर दोन्ही भाजपकडेच राहिले. भावाची नाराजी मतात उतरतेच असं नाही. धुळ्यात काँग्रेस ३,८३१ मतांनी आली ती मालेगाव मध्य या मुस्लिमबहुल विधानसभा मतदारसंघाच्या एकगठ्ठा मतांवर. तिथे सामाजिक प्रश्न वरचढ ठरला.

नंदुरबारला मात्र ही विभागणीच मला पटत नाही. अक्कलकुवा-धडगावच्या आदिवासी घराला वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्काचा कागद, हा हक्कही आणि पोटही. पट्टा नसला की दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातची वाट धरावी लागते, पोरांची शाळा सुटते. उमेदवारांना आधी हेच विचारायला हवं.