जुन्या वहीतील टन, हंड्रेडवेट, क्वार्टर आणि पौंड यांचे किलोग्रॅम कसे करावेत?

आपण आजोबांच्या जिनिंग कारखान्याच्या वहीतील ‘३–७–२–११’ ही रुईच्या वजनाची नोंद देऊन तिचे किलोग्रॅम किती, असे विचारले आहे. रकान्यांवर टन, हंड्रेडवेट, क्वार्टर आणि पौंड असे लिहिलेले असल्यामुळे वाचनाची अडचण नाही. ब्रिटिश पद्धतीत २८ पौंडांचा क्वार्टर, चार क्वार्टरांचे म्हणजे ११२ पौंडांचे हंड्रेडवेट आणि वीस हंड्रेडवेटांचा म्हणजे २,२४० पौंडांचा टन होतो. सगळ्या रकान्यांचे आधी पौंड करून त्यांची बेरीज करावी आणि किलोग्रॅममध्ये रूपांतर एकदाच, अगदी शेवटी करावे, असे मी सुचवेन.

आपल्या नोंदीत ६,७२० अधिक ७८४ अधिक ५६ अधिक ११, असे एकूण ७,५७१ पौंड होतात. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम, हा आकडा अंदाजाचा नसून व्याख्येचा आहे. त्याने गुणल्यास ३,४३४.१५ किलोग्रॅम येतात. याउलट टनाला १,०१६, हंड्रेडवेटला ५१, क्वार्टरला १३ आणि पौंडाला अर्धा किलो असे मोघम आकडे लावले, तर उत्तर ३,४३६.५ येते आणि दोन किलोंहून अधिक रुई केवळ कागदावर वाढते.

इंटरनेटवरील रूपांतर-तक्ते वापरताना मात्र सावध राहावे, कारण अमेरिकी टन २,००० पौंडांचा, हंड्रेडवेट १०० पौंडांचे आणि क्वार्टर २५ पौंडांचा असतो. त्या हिशेबाने हीच नोंद ६,७६१ पौंडांची, म्हणजे सुमारे ३,०६७ किलोग्रॅमची ठरेल. खात्री करायची असेल तर वहीतील पौंडांचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहावा: त्यात कुठेही २५, २६ किंवा २७ हे आकडे आढळले, तर क्वार्टर २८ पौंडांचाच आहे.

आपल्याला खंडीचाही हिशेब लागेल, असे वाटते. वरच्या नोंदीतील सात हंड्रेडवेटांचे ७८४ पौंड होतात आणि मुंबईच्या बाजारातील रुईची खंडी नेमकी तेवढीच आहे. तिचे ३५५.६२ किलोग्रॅम होतात आणि आजही रुईचा भाव ज्या ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितला जातो, ती हीच. न्यूयॉर्कच्या बाजारातील रुईचा वायदा, म्हणजे पुढील तारखेच्या व्यवहाराचा भाव, पौंडाला सेंटमध्ये असल्याने त्याच्याशी तुलना करणे सोपे जाते. भाव ७० सेंट असेल तर त्याला ७८४ ने गुणून खंडीमागे ५४८.८० डॉलर मिळतात, पुढे फक्त रुपयाचा दर लावायचा. आपली संपूर्ण नोंद सुमारे ९.६६ खंडींची आहे.

त्याच वहीत ‘मण’ किंवा नुसती ‘खंडी’ दिसल्यास मात्र आधी माल आणि ठिकाण पाहावे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर सरकारी किंवा रेल्वेचा मण ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा, म्हणजे ३७.३२ किलोंचा होता. मुंबईच्या मणाने वीस मणांची खंडी ५६० पौंडांचीच भरते. रुईच्या खंडीला अठ्ठावीस मण लागतात.