पणजीत सायकलने कामावर जायचंय, तर घर कुठल्या बाजूला घ्यावं?

तुमचा प्रश्न वाचला. सांगलीहून पणजीला बदली झालीय, ऑफिस अठरा जून रस्त्यावर, जूनपासून भाड्याचं घर हवंय आणि रोज सायकलनेच जायचं ठरवलंय. एजंटने तीन जागा सुचवल्यात: पर्वरी, करंजाळे आणि मेरशी. तिन्ही 'आठ किलोमीटरच्या आत'. यातली कुठली घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा दोडामार्गचा. पणजीत नोकरीला लागून सोळा वर्षं झाली, त्यातली बारा सायकलवर गेली. तीन वर्षं ताळगावात राहिलो, दोन पर्वरीत आणि गेली सात रायबंदरला. ऑफिस तेच, घरं तीन. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, किलोमीटर बाजूला ठेवा. पणजी एवढीशी आहे की आसपासचं कुठलंही गाव आठ किलोमीटरमध्ये बसतं. सांगलीत तुम्ही सपाटीवर सायकल चालवलीय, तिथे अंतर म्हणजेच कष्ट. इथे तसं नाही. इथे नदी, डोंगर आणि महामार्ग एकमेकांना खेटून आहेत. घर शहराच्या कुठल्या दिशेला आहे, चढ जाताना लागतो की येताना, आणि महामार्ग कुठे ओलांडावा लागतो, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. त्यातली दिशा फारसं कुणी सांगत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरू करतो.

घर शहराच्या पूर्वेला असेल तर सकाळी तुम्ही पश्चिमेकडे जाता, ऊन पाठीवर. संध्याकाळी पूर्वेकडे परतता, तेव्हाही ऊन पाठीवर. घर पश्चिमेला, मिरामार-करंजाळ्याच्या बाजूला असेल तर दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत. यात नुसत्या त्रासाचा प्रश्न नाही. संध्याकाळी साडेपाच-सहाला मिरामारकडे जाताना तुमच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं. काचेवर तिरीप आली की पुढचा सायकलवाला त्याला दिसतच नाही. हिवाळ्यात सूर्य लवकर खाली येतो आणि बरोबर ऑफिस सुटायच्या वेळी हे होतं.

वाऱ्याचंही तेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीकडून गार वारा समुद्राकडे वाहतो. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्राकडून येतो. मार्च-एप्रिलमध्ये तर चांगला जोरात. म्हणजे पूर्वेला राहणाऱ्याला सकाळीही वारा पाठीशी आणि संध्याकाळीही. दिवसभर खुर्चीत बसून आंबलेलं अंग घेऊन घरी निघताना मागून कुणीतरी हलकं ढकलतंय असं वाटतं, आणि ते रोजचं सुख आहे. फक्त पावसाळ्यात हे गणित अर्धंच चालतं. तेव्हा वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे सकाळी तोंडावर घ्यावा लागतो.

म्हणून तुमच्या यादीत नसलेलं, पूर्वेकडचं नाव आधी सांगतो: रायबंदर.

रायबंदर ते पणजी हा रस्ता म्हणजे १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीतून, बांधलेला बांध, पोंते द लिन्यारिस. तीन किलोमीटरहून जास्त लांब आणि पूर्ण सपाट. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि मिठागरं. जुन्या गोव्याकडून येणारी बरीचशी लांब पल्ल्याची वाहतूक आता कदंब पठारावरच्या बगलरस्त्याने जाते, त्यामुळे बांधावर मुख्यतः गावच्या बसेस, स्कूटर आणि कार. रस्ता अरुंद आहे, हे खरं. पण अरुंद असल्यामुळेच गाड्या बेफाम जाऊ शकत नाहीत. मी कडेला चिकटून चालवत नाही, कडेपासून हात-दीड हात आत चालवतो. मागची बस थांबते, समोरचं वाहन गेलं की वळसा घालून पुढे जाते. कडेला चिकटलात तर ती तशीच घुसते आणि तुमच्या कोपराला वारा लागतो.

हिवाळ्यात मिठागरांत बाहेरून आलेले पक्षी उतरलेले असतात. भरतीच्या वेळी पाणी रस्त्याच्या जवळ येतं, ओहोटीला चिखलाचा खारट, कुजकट वास येतो. सुरुवातीला नको वाटतो, वर्षभराने त्याच्याशिवाय सकाळ पुरी होत नाही.

या वाटेची एकच कठीण जागा म्हणजे पणजीचं टोक, दिवजा सर्कल. मांडवी पुलावरून उतरणाऱ्या गाड्या, महामार्गाची वाहतूक आणि कदंब स्थानकाकडे वळणाऱ्या बसेस सगळ्या तिथे एकत्र येतात. बारा वर्षं सायकल चालवणारा मी तिथे रोज उतरतो. सायकल हातात धरतो, पायी चालणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळतो आणि त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडतो. दोन मिनिटं जातात. पलीकडे पाटो पुलावरून ओरेची खाडी ओलांडली की तुम्ही शहरात. तुम्हीही पहिल्या दिवसापासून असंच करा. 'आज गर्दी कमी आहे, जातो तसाच' असं मनात आलं तरी उतरा.

रायबंदरला घर बघताना खालच्या, रस्त्यालगतच्या वाड्यांत बघा. एजंट 'रायबंदर' म्हणून वरचं पठार दाखवतात. तिथे इमारती नव्या आहेत, पण संध्याकाळचा चढ रोजचा होतो. खाली भाड्याची घरं कमी निघतात आणि बरीचशी जुनी आहेत, त्यामुळे शोधायला वेळ लागेल. जाहिरातींवर विसंबू नका. बेकरीत आणि देवळाजवळच्या दुकानात सांगून ठेवा. मला घर पोदेरामुळे मिळालं. सकाळ-संध्याकाळ पाव घेऊन सायकलने फिरणारा हा माणूस कुठलं घर रिकामं आहे हे सांगतोच, शिवाय कुठल्या वाटेवर चढ आहे, कुठे कुत्री मागे लागतात, कुठे पावसात पाणी साचतं, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. मागे भरलेली टोपली बांधून जो माणूस रोज ती वाट धरतो, त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा.

आता तुमच्या तीन जागा.

पर्वरी मी तुम्हाला सुचवणार नाही. घरं चांगली आहेत, दुकानं-शाळा सगळं हाताशी आहे, पण गाव पठारावर आणि ऑफिस नदीपलीकडे. सकाळी उतार मिळतो, म्हणजे ताजेतवाने असताना फुकटची गती. संध्याकाळी दमलेले असताना पूल आणि त्यानंतर सगळा चढ, तोही बस आणि ट्रकांच्या धुरात. २०१९ मध्ये झालेल्या अटल सेतूवर दुचाक्यांना बंदी आहे, त्यामुळे सायकलला जुनेच पूल. त्यात २०२४ मध्ये पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झालं आणि त्याने खालचा रस्ता आणखी आवळला. मी दोन वर्षं हे केलं. दुसऱ्या पावसाळ्यात आठवड्यातले तीन दिवस सायकल घरीच राहू लागली, तेव्हा जागा बदलली.

मात्र त्याच किनाऱ्यावर, पठाराच्या पायथ्याशी, बेती आणि वेरे ही गावं आहेत. तिथला नदीकाठचा रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, आणि बेतीहून फेरीबोट थेट पणजीच्या धक्क्यावर येते. सायकल ढकलत चढायचं, कठड्याला टेकवायची, काही मिनिटांत पलीकडे. उतरलात की बाजारपेठ समोर. ना पूल, ना दिवजा सर्कल. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पहिला पूल कोसळला तेव्हा याच फेऱ्यांनी पणजीची ये-जा सांभाळली होती. आता पूल तीन असूनही सायकलवाल्यासाठी मला फेरीच बरी वाटते. एक अडचण आहे. जोराचा वारा-पाऊस असला की फेरी उशिरा निघते, कधी थांबवतात. ऑफिसात वेळेची फार सक्ती असेल तर जुलैत हे जड जाईल. तसं नसेल तर रायबंदरनंतर माझी दुसरी पसंती बेतीला.

करंजाळे सपाट आहे, समुद्र जवळ आहे, घर म्हणून छानच. कांपालवरून नदीकाठाने येणारा रस्ता रुंद आणि सावलीचा. पण ऊन-वाऱ्याचं वर लिहिलंय ते सगळं इथे लागू होतं. शिवाय तो रस्ता म्हणजे पणजीचा सगळ्या कार्यक्रमांचा रस्ता. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव, फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुका, शनिवार-रविवारी संध्याकाळी कॅसिनोची गर्दी. सायकल चालवता येते, पण कडेला गाड्या उभ्या असतात आणि दार कधी उघडेल सांगता येत नाही. तीन नावांतलंच एक निवडायचं असेल तर हे निवडा, आणि संध्याकाळी परतताना मागचा दिवा उजेड असतानाही चालू ठेवा. (तेवढीच गर्दी आमच्या बांधावरही असते, पण दहा दिवस: जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधीचे नऊ दिवसांचे नोव्हेना (प्रार्थना) आणि ३ डिसेंबरचं फेस्त. त्या दिवसांत मी अर्धा तास आधी निघतो.)

मेरशी नकाशावर सगळ्यात जवळ दिसते आणि म्हणूनच फसवते. गाव सपाट, लोक चांगले, पण शहरात यायला महामार्ग ओलांडावाच लागतो आणि मेरशी जंक्शनवर ट्रक वेगात वळतात. त्याऐवजी सांताक्रूझमध्ये घर मिळतंय का पाहा. तिथून फोर पिलर्स या ठिकाणावरून पणजीच्या मळा या भागात येणारा जुना रस्ता आहे, त्याने तुम्ही मागच्या दाराने शहरात शिरता.

ताळगावबद्दल थोडक्यात: शेतं आहेत तोवर उत्तम, सांतिनेजला लागलात की कोंडी. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी तर पाय टेकवत टेकवतच जावं लागतं. ऑफिसची वेळ शाळांच्या वेळेशी जुळत नसेल तर चालेल. ताळगावचं वरचं पठार आणि बांबोळी मात्र चढामुळे सोडून द्या.

पावसाचं बोलायलाच हवं, कारण तुम्ही जूनमध्येच येताय. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैतच कोसळतो. भिजण्याची काळजी करू नका. भिजणारच, कपडे ऑफिसात ठेवा. काळजी दोन गोष्टींची. अठरा जून रस्त्यावर आणि मळ्यात जोराच्या सरीत पाणी साचतं, आणि पाण्याखालचं गटार उघडं आहे की झाकलेलं, हे दिसत नाही. पाणी घोट्याच्या वर असेल तर सायकलवर बसून त्यात शिरू नका. दुसरं म्हणजे शेवाळ. पेव्हर ब्लॉकवर आणि चिऱ्याच्या फरशीवर आठवडाभरात हिरवा थर चढतो. माझं पुढचं चाक एकदा असंच गेलं: सरळ चाललो होतो, वळलोही नव्हतो, फक्त ब्रेक थोडा दाबला. मनगट सहा आठवडे बांधून होतं. तेव्हापासून पावसात डांबर सोडून ब्लॉकवर जात नाही आणि टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतो.

सायकल महागडी आणू नका. खाऱ्या हवेत साखळी आणि नटबोल्ट बघता बघता गंजतात. दर रविवारी रॉकेलच्या फडक्याने साखळी पुसायची, सुकली की तेलाचा एकेक थेंब. दहा मिनिटांचं काम आहे, पण दोन रविवार चुकवले की तिसऱ्या आठवड्यात साखळी करकरायला लागते. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवून घ्या, पुढच्याला खाली रबरी फ्लॅपसुद्धा. आणि घरमालकाला पहिल्याच भेटीत विचारा, सायकल छपराखाली ठेवायला जागा आहे का? 'जिन्याखाली ठेवा' म्हणाले तर जिन्याखाली पावसाचं पाणी येतं का, ते वाकून बघा. अकरा महिन्यांच्या करारावर सही झाली की मग हे प्रश्न विचारून उपयोग नसतो.

आगाऊ रक्कम देण्याआधी एकदा तरी ती वाट सायकलने करा. रविवारी नको, सुट्टीच्या दिवशी पणजी खोटं बोलते. सोमवारी, सकाळी साडेआठला घराकडून ऑफिसकडे आणि संध्याकाळी सहाला उलट. दोन्ही. सकाळची वाट सगळ्यांनाच आवडते, घर ठरवायचं ते संध्याकाळच्या वाटेवरून.

मेअखेर घर बघायला याल तेव्हा कळवा. माझी जुनी सायकल घरी पडून आहे, उंची साधारण साडेपाच फूट असेल तर तुम्हाला होईल. मी साडेआठला रायबंदरच्या फेरीधक्क्यापासून निघतो. बांधावरून एकत्र जाऊ, आणि दिवजा सर्कलला कुठे उतरायचं ती जागा दाखवतो.