आईसाठी पुण्याजवळ असिस्टेड लिव्हिंग (ज्येष्ठांना रोजच्या कामात मदत मिळते असं निवासस्थान) बघतोय. खर्च कसा धरायचा, सरकारी मदत मिळते का?

जाहिरातीतला महिन्याचा आकडा बहुतेक वेळा खोली आणि जेवणापुरता असतो. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, रात्रीची आया, अनामत रक्कम वेगळी. दरपत्रक लेखी मागा, आणि उद्या आईला अंथरुणातून उठवावं लागलं तर दर किती होईल, हेही त्यात लिहून घ्या. खर्च फुगतो तो तिथेच, म्हणून हे अजिबात टाळू नका.

मदत म्हणाल तर आयुष्मान कार्ड सत्तरीनंतर उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. निवासाच्या बिलाला चालत नाही. आईच्या नावावर घर असेल तर रिव्हर्स मॉर्गेज (घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक काळाने पैसे मिळवायची सोय) सुचेल, पण त्यात कर्जदाराने त्याच घरात राहायची अट असते, म्हणून आई कायमची दुसरीकडे गेली तर काय, हे बँकेत आधी विचारा. बाकी माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.