वाचकांचे प्रश्न : जॅग्वार आणि बिबट्या

प्रश्न : छायाचित्रांत जॅग्वार आणि बिबट्या सारखेच दिसतात. त्यांतील फरक कसा ओळखावा? जॅग्वार मगरीचीही शिकार करतो, हे खरे आहे काय?

उत्तर : दोघांच्याही अंगावर काळ्या ठिपक्यांची कडी असतात, मात्र जॅग्वारच्या पाठीवरील आणि कुशीवरील पुष्कळशा कड्यांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात, तर बिबट्याची कडी बहुधा रिकामी असतात. शिवाय जॅग्वारचे डोके रुंद, बांधा दणकट आणि शेपूट तुलनेने आखूड असते. निसर्गात या दोघांची गाठ पडतच नाही, कारण बिबट्या आफ्रिका व आशियात राहतो आणि जॅग्वार मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत. वाघ आणि सिंहाखालोखाल मार्जारकुळात तोच मोठा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. तो केमन मारतो. हा मगर-सुसरींच्याच वर्गातील प्राणी. जॅग्वार पट्टीचा पोहणारा असून ब्राझीलमधील पांतानालच्या विस्तीर्ण पाणथळीत तो नदीच्या काठाकाठाने दबकत फिरतो, काठावर पहुडलेल्या केमनवर झेप घेतो आणि मानेच्या मागच्या बाजूस किंवा कवटीत सुळे रुतवून त्याला पाण्याबाहेर ओढून नेतो. मोठी मांजरे सहसा भक्ष्याचा गळा आवळून त्याला गुदमरवतात. जॅग्वार मात्र कॅपिबारासारख्या (हा उंदराच्या वर्गातील एक मोठा प्राणी) प्राण्याची कवटी थेट कानशिलापाशी फोडतो. आखूड, भक्कम जबड्यांमुळे त्याच्या चाव्यात एवढे बळ येते की कासवाचे कवचही त्यापुढे टिकत नाही. मला त्याचा हा विशेष सर्वांत विलक्षण वाटतो.

एरवी तो एकटाच राहतो. सुमारे शंभर दिवसांच्या गर्भावस्थेनंतर मादीला बहुधा दोन पिल्ले होतात आणि शिकारीत तरबेज होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन वर्षे, ती आईसोबत राहतात.

एवढ्या बलाढ्य प्राण्याला खरी भीती माणसाचीच आहे. कुरणांसाठी जंगले तोडली जातात, मग त्याच कुरणांवरील गुरे मारली म्हणून पशुपालक त्याला गोळी घालतात. उरुग्वे आणि एल साल्वादोर या देशांतून तो नाहीसा झाला आहे. अर्जेंटिनातील इबेरा पाणथळीतूनही तो अनेक दशके नामशेष होता; तेथे जानेवारी 2021 मध्ये एक मादी आणि तिची दोन पिल्ले मोकळी सोडण्यात आली, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे.