शेळीच्या पोटातली गाठ: आधी सोनोग्राफी, मग इंजेक्शन

प्रश्न: उस्मानाबादी शेळी, वय साधारण ७ वर्षे. ६ महिन्यांपूर्वी भरवली. पोट वाढले, पण व्याली नाही आणि आता मागून रक्ताळ पाणी जाते. औषध दुकानदार म्हणतो, कळांचे इंजेक्शन द्या, मोकळी होईल. शेजारी म्हणतात, कॅन्सर आहे. सोनोग्राफीत कळेल का?

उत्तर: ते इंजेक्शन देऊ नका. शेळी १५० दिवसांच्या आसपास विते. दिवस उलटलेत आणि गर्भाशयाचे तोंड बंद आहे, अशा वेळी ऑक्सिटोसिन (तेच कळांचे इंजेक्शन) टोचले तर पिशवी, म्हणजे गर्भाशय, फाटू शकते. दुकानदाराने शेळीला हातही लावलेला नसतो.

अशा पोटामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघते. पहिले खोटे गाभणपण, म्हणजे पिशवीत नुसते पाणी. दुसरे, आत मेलेले करडू. तिसरे, पिशवीची गाठ. ही वयस्क शेळीत होते आणि रक्त जाणे ही तिची मोठी खूण. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, सोनोग्राफीत मात्र वेगळी. नुसते पाणी काळेभोर दिसते, मधे पातळ पडदे हलतात. करडू नाही, वारेची बटनेही (वार गर्भाशयाला चिकटते त्या गाठी) नाहीत. मेलेल्या करडाची हाडे पांढरी चमकतात, ठोका नसतो. गाठ भरीव, करडी, ओबडधोबड दिसते आणि सडलेल्या जागी काळे खळगे असतात.

आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. गॅसने भरलेल्या पोटातून चित्र येत नाही. उजव्या बाजूला कासेपुढचे केस काढून घ्या. डावीकडे कोठीपोट आड येते.

खोट्या गाभणपणावर प्रोस्टाग्लँडिन (पिशवीतले पाणी बाहेर टाकायला लावणारे हार्मोन) चालते, पण सोनोग्राफीनंतर आणि पशुवैद्यकाच्या हातानेच. भरवल्याची तारीख चुकली असेल आणि शेळी खरोखर गाभण असेल, तर हेच इंजेक्शन गर्भ पाडते.

आता कॅन्सरचे. सोनोग्राफी गाठ दाखवते, तिचे नाव सांगत नाही. नाव सुईने काढलेल्या पेशींवरून किंवा तुकड्याच्या तपासणीवरून ठरते. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. द्रावण तुकड्याच्या १० पट हवे. पेशींच्या काचा हवेत वाळवा आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीसोबत एका डब्यात कधीही ठेवू नका, वाफेने काच रंग धरत नाही. चांगला नमुना इथेच वाया जातो. नाकातली गाठ हाडाआड असते, सोनोग्राफीत सापडत नाही. छातीतली गाठ बरगडीला टेकली असेल तरच दिसते, कारण मधे फुप्फुसातली हवा आड येते.

कानाखाली किंवा खांद्यापुढे एखादी गाठ दिसली की लगेच कॅन्सर म्हणू नका. ती बहुधा पुवाची निघते. गोठ्यात ब्लेडने फोडू नका. तो दाट पू जमिनीत राहतो आणि कळपभर पसरतो. माणसालाही लागण होते, म्हणून हातमोजे घाला. मांसात पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला पांढरे ठिपके दिसले, तर ती कुत्र्याच्या पट्टकृमीची गाठ असते. कानाखालच्या किंवा खांद्यापुढच्या दोन्ही बाजूंच्या गाठी एकदम वाढल्या, टणक आहेत आणि पू नाही, तर मात्र त्याच आठवड्यात नमुना पाठवा.

आणखी एक, गाठ उतरवायला म्हणून दुकानातून डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणू नका. लसिकाग्रंथीचा (कानाखाली, खांद्यापुढे असतात त्या ग्रंथींचा) कॅन्सर असेल तर गाठ चार दिवस लहान होते आणि तुम्ही निर्धास्त होता. तेवढ्यात नमुनाही फसवा येतो. पुवाची गाठ असेल तर शेळीची प्रतिकारशक्ती खचते. गाभण असेल तर गाभडते. डोस वाढवला तर धोका आणखी वाढतो.

गाठ पिशवीपुरतीच असेल तर पिशवी काढता येते, पण सात वर्षांच्या शेळीवर तो खर्च परवडतो का, हे आधी बघा. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, परळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करा. विमा आजाराआधीच उतरवावा लागतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात हप्त्यातला तुमचा वाटा १५ टक्के.

यापुढे भरवल्याची तारीख वहीत लिहा आणि ४५व्या दिवशी प्रत्येक शेळीची सोनोग्राफी करा. ३० दिवसांच्या आत केली तर रिकामी आणि गाभण यांत गल्लत होते. ४५व्या दिवशी करडाचा ठोका दिसतो. तो दिसला नाही आणि पाणी दिसले, तर पोट फुगायची वाट न बघता त्याच आठवड्यात उपचार सुरू करता येतात.