ऑबर्न अव्हेन्यूवर घाई करू नकोस

पोरी,

मंडळाच्या पाहुण्यांना ऑबर्न अव्हेन्यू, म्हणजे अटलांटातल्या काळ्यांच्या जुन्या वस्तीतला रस्ता, दाखवायला तासभर पुरेल का, असं विचारलंयस. मार्टिन ल्यूथर किंगांचं घर, समाधी आणि फोटो एवढंच असेल तर अर्ध्या तासात उरकेल. अटलांटात आल्यावर पहिली काही वर्षं मीही तेच करत होतो.

आता मी प्रिन्स हॉल मेसॉनिक टेम्पल, म्हणजे मेसन या बंधुसंघाच्या कृष्णवर्णीय शाखेच्या इमारतीपासून सुरुवात करतो. वरच्या मजल्यावर डब्ल्यूईआरडी हे रेडिओ केंद्र होतं. १९४९ मध्ये जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय अकाउंटंटनं ते विकत घेतलं. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं देशातलं पहिलं. खाली किंगांच्या संघटनेची कचेरी. काही जाहीर करायचं असलं की किंग झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे आणि वरून खिडकीतून माइक खाली सोडला जायचा, असं सांगतात. एवढं बोलून जरा थांब. सगळ्यांच्या माना आपोआप वर जातात.

मग अलोन्झो हर्न्डन. १८५८ मध्ये गुलामीत जन्मलेला, धंद्यानं न्हावी. पीचट्री रस्त्यावर त्याचं झुंबरं लावलेलं दुकान होतं. कारागीर काळे, गिऱ्हाईक फक्त गोरं. मालक काळा, पण काळ्या माणसाला दाढीसाठी तिथं खुर्ची नाही! त्याच कमाईतून १९०५ मध्ये त्यानं अटलांटा लाइफ ही विमा कंपनी उभी केली. हे ऐकताना एखाद्या पाहुण्याला आपल्या गावचं न्हाव्याचं दुकान आठवतं, तिथं कुणाला बसू देत नव्हते तेही. आठवू दे. तू घाईनं विषय बदलू नकोस.

बटलर स्ट्रीटची वायएमसीए चुकवू नकोस. १९४८ मध्ये शहरानं पहिले आठ काळे पोलीस नेमले, पण मुख्यालयात त्यांना जागा नव्हती. इथल्या तळघरात ते कपडे बदलायचे. गोऱ्याला अटक करायची मुभा नव्हतीच.

पुढं हायवेचा पूल लागेल. त्यानं ही वस्ती मधोमध चिरली. तिथं गाड्यांच्या आवाजात बोलू नकोस, ऐकू येत नाही. पुलालगत जॉन वेस्ली डॉब्जचा मोठा ब्राँझचा मुखवटा आहे, तिथं ने. रेल्वे टपालात नोकरी करून या माणसानं हजारो काळ्या मतदारांची नोंदणी करवली. त्याचा नातू मेनार्ड जॅक्सन पुढं शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला. मुखवट्याचे डोळे आरपार आहेत. पोरांना मागे उभं कर आणि त्यातून रस्ता बघू दे. मोठ्यांचाही नंबर लागतो, तेवढा वेळ राखून ठेव.

तुझा,
काका